चांदणीचे मागचे नाल

दादा, चांदणी खाऊन उभी आहे. बाहेरून आला की तू पहिलं हेच विचारे, म्हणून पहिलं हेच सांगते. वाळलं गवत खाल्लं, अर्धी बादली पाणी प्याली. चणे बंद केले आहेत. काऊन बंद केले ते पुढं सांगते, आत्ताच तोंड वाकडं करू नको.

तू गेला त्याले आज सेहेचाळीस दिवस झाले. तेरवी झाली. तुही लेक सुषमा पुण्याले परत गेली. गावातले येऊन बसले, चहा पिऊन गेले. मी कोणासमोर रडली नाई, अन् सगळे गेल्यावर बी रडली नाई. बायका आपसात बोलल्या, कांताबाईचं काळीज दगडाचं. बोलू दे. दात काढाच्या आधी डॉक्टर सुई टोचते ना, मंग गाल जसा होते, तशी मी होती. हात लावला तर समजते की हा गाल आहे, पण आपला आहे असं वाटत नाई. भाकरी करे, भांडे घासे, घोडीचं पाहे. मंग ओट्यावर येऊन बसे अन् काई वाटत नोतं.

मले लोकाईच्या बोलण्याचा राग बी नाई आला. राग आला असता तर बरं झालं असतं. तुह्यासमोर मले किती लवकर राग येत होता.

आपली भिंत एक, दार दोन. वहिनी गेली तवापासून तू एकटा, आमचे हे गेले तवापासून मी एकटी. तुह्या अंगणात चांदणी. पवनारहून वर्ध्याले टांगा होता तवा ती टांग्याले होती. ऑटो आले, टांगा भंगारात गेला, पण गावानं तुले वामन टांगेवाला म्हणणं सोडलं नाई. मंग तिले वरातीत पाठवू लागला. कपाळावर तेवढी एक पांढरी चांदणी, बाकी काळी कुळकुळीत, पाठीवर जरीची झूल, अन् बँडवाल्याईच्या पुढं अशी मान काढून चाले की नवरदेवाकडं कोणी पाहत नोतं. मंग पुढच्या उजव्या पायानं लंगडू लागली. मंग डाव्यानं. नवरदेव पडला तर काय घ्या, म्हणून वराती बंद झाल्या. घोडी रिटायर अन् मी बी त्याच साली रिटायर. तू म्हणे, दोघी सरकारी खात्यातल्या, फक्त एकीचं पेन्शन बुडालं.

मी जनावराच्या दवाखान्यात परिचर होती. बावीस वर्षं. डॉक्टर तपासत, मी दोर धरे. डॉक्टर कापत, मी पाणी गरम करे. किती बैलाचे, किती गाईचे पाय मी मांडीवर घेतले असन, मोजलेच नाई. तालुक्यात घोडे थोडे, पण जे आले त्याईचे पाय पाह्यले. म्हणून मले चांदणीच्या पायाचं दिसत होतं. तुले बी दिसत होतं, दादा. तू आंधळा नोता.

आपलं भांडण नालावरून होतं. गावात कोणाले सांगतलं तर हसतीन, की सख्खे बहीणभाऊ तीन वर्षं घोडीच्या नालावरून भांडले.

काळ्या घोडीचा नाल उंबरठ्यावर ठोकला की शनीचा त्रास टळते, असं लोकं मानतेत. तुह्या दारात दर शनिवारी कोणी ना कोणी येई. सेलूहून, देवळीहून, एकदा तर आर्वीहून नवरा-बायको आलते. कोणाच्या पोराची नोकरी अडली, कोणाच्या पोरीचं लग्न. तू त्याचं काई घेत नोता, नारळ बी नाई. उलट चहा पाजे. एकजण म्हणला, भाऊ, हिच्या कपाळावर तर पांढरं आहे, पुरी काळी कुठं आहे? तू म्हणला, "नाल कपाळाले ठोकतेत का पायाले?" तो माणूस नाल घेऊन गेला अन् तू दोन दिवस ते मले सांगून हसला.

तुहा एक नेम होता. नवा नाल द्याचा नाई. घोडीच्या पायाखाली झिजलेला असला तरच त्यात गुण असते. नवे नाल कानशीनं घासून जुने म्हणून देणारे असतेत, त्याईले तू चोर म्हणे. पण उभ्या घोडीचा नाल झिजन कसा? म्हणून रोज सकाळी तू तिले डांबरी रस्त्यानं पुलापर्यंत चालवत ने अन् परत आणे. लंगडणाऱ्या घोडीले. नाल झिजवासाठी. माणूस इतका चांगला अन् इतका येडा एकाच वेळी असू शकते, हे मले तुह्याकडून समजलं.

मी म्हणे, तिच्या खुराची कड भुसभुशीत झाली आहे, खिळ्याले जागा राह्यली नाई, नाल ठोकणारे इस्माईलभाई दर खेपेले नवीन भोक शोधतेत. नाल काढून टाक, नदीच्या रेतीत उभी करत जा, दीड-दोन महिने कळ काढ, खूर आपला आपण वाढन. तू म्हणे, जन्मभर नाल घातलेली घोडी अनवाणी कशी चालन? तळवा पातळ आहे, नाल काढला की खाली बसन, अन् या वयात बसलेली घोडी उठत नाई. ते बी खोटं नोतं. मी दवाखान्यात तशी बसलेली जनावरं पाह्यली आहेत. पण मी ते तुह्यासमोर कबूल केलं नाई. कबूल केलं असतं तर तू तेवढंच धरून बसला असता.

शेवटचं भांडण ओट्यावर झालं, दिवाबत्तीच्या वेळेले. मी नेहमीचंच बोलली अन् तू नेहमीचंच बोलला. मंग तू म्हणला, "कांते, तू दवाखान्यात शेण उचलत होती, डॉक्टर नोती."

खरं होतं म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, "अन् तू लंगड्या घोडीच्या जिवावर गावाचा देव बनून राह्यला."

तू उठला. चपला घालून तुह्या दाराकडं निघून गेला.

अकरा दिवस आपण बोललो नाई. मी रोज डबा भिंतीवर ठेवे. भाकर, वांग्याची नाई तर डाळीची भाजी, कधी आंबाडी. तू डबा घेऊन जाय अन् दुपारी घासून पुसून परत भिंतीवर ठेवे. एवढं आपलं बोलणं. मले वाटे, राहू दे, शनिवारपर्यंत आपोआप बोलन. शनिवार गेला. बाराव्या दिवशी डबा परत आला नाई. मी तीन वाजेपर्यंत वाट पाह्यली. मनात म्हटलं, एवढा कायचा राग, आता डबा बी ठेवत नाई. मंग भिंतीवरून वाकून पाह्यलं. पुढचं तुले माहीत आहे.

डॉक्टर म्हणे हृदय. मी मान हलवली.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सुषमानं विचारलं, आत्या, चांदणीचं काय? तिनं फोनवर चौकशी केलती, नागपूरकडं कुठं तरी म्हाताऱ्या जनावराईले ठेवतेत. नाई तर, पोरगी अडखळली, नाई तर इंजेक्शन. तिचं चूक नोतं. ती पुण्याहून किती पाहन? मंग म्हणली, आत्या, तू म्हणशील तसं करू. सगळे हेच म्हणे. जिंदगीभर कोणी माह्या म्हणण्यानं काई केलं नाई, अन् आता सगळ्याईले माहं म्हणणं पाहिजे.

मी दवाखान्यात गेली. आता तिथं नवीन डॉक्टर बाई आहेत, तिशीच्या आत-बाहेर, पण हात चांगला. त्या घरी आल्या. चांदणीचे चारी पाय उचलायचा प्रयत्न केला. पुढचे तिनं दिले, मागचे नाई दिले, लाथ झाडली. मागचा पाय ती तुह्याशिवाय कोणाले देत नोती. बाईंनं पुढचे खूर नीट पाह्यले. म्हणाल्या, "मावशी, दोन्ही बाजू आहेत. नाल ठेवले तर कड फुटत जाईल आणि एक दिवस खिळा आत लागेल. काढले तर सुरुवातीचे तीन आठवडे फार वाईट जातील. ती बसूनही राहू शकते. तीन आठवड्यांनी उठली नाही, तर मग तिच्यासाठी आपल्याला वेगळा निर्णय घ्यावा लागेल." चणे अन् गूळ बंद करा म्हणाल्या, या दुखण्यात चारा हलका पाहिजे. तू तिले रोज संध्याकाळी गुळाचा खडा देत होता ते मी सांगतलं नाई. चुगली केल्यासारखं वाटलं.

म्हणजे तू अर्धा बरोबर, मी अर्धी. आता अर्ध्या-अर्ध्यातून एक ठरवाचं होतं, अन् भांडाले समोर कोणी नोतं. मी चार दिवस काईच ठरवलं नाई. सकाळी मनात म्हणे, काढाचे. संध्याकाळी तुहा आवाज कानात येई, बसन अन् उठणार नाई. मी तुले घाबरत कधी नोती, दादा, पण त्या चार दिवसात घाबरली. तू असता तर चूक झाली तरी दोघाईची झाली असती.

मंगळवारी इस्माईलभाई आले. हिंगणघाटहून एसटीनं, खांद्याले ती पिशवी. दर दोन महिन्याले येतेत तसे. त्याईले कोणी कळवलंच नोतं. दारात उभे राहून "वामनभाऊ" म्हणून हाक मारली. मी बाहेर आली अन् सांगतलं. ते उभे होते तिथंच खाली बसले. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी पाणी आणलं, चहा आणला, चहा थंड झाला. चाळीस वर्षं तुमचं नातं, अन् ते रडत होते अन् मी उभी राहून विचार करून राह्यली की दुसरा चहा ठेवावा का.

मंग त्याईनं पिशवीतून चार नवे नाल काढले. ठोकू का, म्हणून विचारलं.

मी विचारलं, "भाई, खरं सांगा, या पायात खिळ्याले जागा आहे का?"

"नाई," ते म्हणले. "मागच्या खेपेलेच नोती."

"मंग दादाले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं ना, ताई. तो म्हणे, नाल नाई राह्यले तर शनिवारी कोणी येणार नाई."

दादा, मले वाटे तू लोकाईसाठी करते. त्याईच्या पोरीबाळीसाठी, त्याईच्या शनीसाठी. तू ते तुह्यासाठी करत होता, हे मले इस्माईलभाईनं सांगावं? भिंतीच्या अलीकडं मी होती की. पण मी तर फक्त भांडाले येत होती.

पुढचे दोन काढले. इस्माईलभाईनं एकट्यानं, पाय गुडघ्यात धरून. खिळे वाकवून, पकडीनं एक एक सोडवत. कड भुगा होऊन खाली पडली. कानस फिरवली, लांब झालेलं टोक मागं आणलं. चांदणीनं पाय खाली टेकवला अन् लगेच उचलला. मंग दुसरा टेकवला, तो बी उचलला. थरथरत होती. इस्माईलभाई मागच्या पायाकडं वळले अन् म्हणले, हे? मी म्हटलं, राहू द्या. मागचा पाय ती कोणाले देत नाई, उगाच झटापट नको. दुखणं पुढच्या पायात आहे. त्याईले पटलं. माह्या तोंडून इतक्या सरळ निघालं की मले बी पटलं.

नंतरचे दिवस डॉक्टर बाई म्हणाल्या तसेच गेले. मी दोन खेपा करून ट्रॅक्टरनं धाम नदीची रेती आणवली अन् गोठ्यात टाकली. सकाळ-संध्याकाळ कोमट मिठाच्या पाण्यात पाय. बारदान्याचा तुकडा, त्यावर जुन्या गोधडीची घडी, वरून सायकलच्या ट्यूबनं बांधलं. चौथ्या दिवशी ती बसली. सहाव्या दिवशी उजवा खूर तव्यासारखा तापला अन् ती तो जमिनीले लावूच देईना. बाईंनं येऊन वाकड्या सुरीनं तळव्याले एक भोक पाडलं. काळा पू निघाला, वास असा की मी बावीस वर्षांची शिकलेली, मी बी तोंड फिरवलं.

त्या दिवशी मी हरली होती. गोठ्यात तिच्याजवळ बसली अन् म्हटलं, आता म्हण. म्हण, कांते, सांगतलं होतं ना. मी खरंच वाट पाह्यली. तू एवढा टोमणे मारणारा माणूस, अन् अशा वेळी गप्प.

त्याच आठवड्यात शनिवारी एक म्हातारा आला. सेलूकडचा, धोतर, हातात कापडी थैली. तू गेला हे त्याले माहीत नोतं. सून दिवसाची आहे, म्हणला, याच्या आधी दोन वेळा पोटातलं राह्यलं नाई. नाल पाहिजे. दादा, मी तुले किती वेळा म्हटलं होतं की तुह्या जागी मी असती तर एकेकाले तोंडावर सांगतलं असतं, लोखंडानं काई होत नाई, सुनेले दवाखान्यात ने, चांगलं खाऊ घाल. मी तोंड उघडलं बी. दवाखान्याचं सांगतलं, गोळ्या बंद नको करू म्हणून सांगतलं, त्यानं मान डोलावली. मंग तो माह्याकडं तसाच पाहत राह्यला. खिडकीत ते काढलेले दोन नाल पडले होते. मी एक उचलून दिला.

"झिजलेला आहे ना, माय?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "आहे. माह्या भावानं स्वतः झिजवला."

मले नाई म्हणता आलं नाई. मंग त्यानं चहा घेतला, अर्धा तास बसला, तुह्या टांग्यात बसून एकदा बैलबाजाराले गेलता ते सांगतलं, तू तवा रस्त्यानं मोठमोठ्यानं गाणं म्हणत होता म्हणे. मी कधी ऐकलं नाई तुहं गाणं. तो गेला अन् घर असं रिकामं झालं की मी पुढच्या शनिवारी कोण येईन याचा विचार करत बसली. तिथं मले तुहं समजलं. उशिरा समजलं, पण समजलं.

अठराव्या दिवशी चांदणी उठली. कोणी उठवली नाई. मी बादली घेऊन गेली तर उभी. पंधरा मिनिटं उभी राह्यली, बसली, संध्याकाळी परत उठली. चोविसाव्या दिवशी रेतीतून चार पावलं टाकली. लंगडत, पण टाकली. डॉक्टर बाईंनं पुढचे खूर पाहून म्हटलं, मावशी, नवीन कड चांगली येतेय, तुमचा निर्णय बरोबर होता. तीन वर्षं मले हे ऐकाचं होतं, दादा. ऐकलं. बादली उचलली अन् पाणी भराले गेली. जिंकून बी हाताले काई लागलं नाई.

मंग बाई मागं गेल्या अन् लांबूनच पाहून थांबल्या. "मावशी, मागचे नाल अजून आहेत? किती दिवस झाले?"

बारा आठवडे होत आले होते. खूर वाढून नालाच्या पुढं आला होता, अन् नाल टाचेकडं सरकून आत रुतत होता. मी मागचा पाय ती देत नाई वगैरे सुरू केलं. त्या म्हणाल्या, "हे तुम्हाला सांगायची गरज आहे का?"

नोती. मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खरं सांगते, दादा, झटापटीचा बहाणा होता. तीन महिन्यापूर्वी ते नाल ठोकले तवा मी भिंतीपाशी हात बांधून उभी होती अन् तोंड चालवत होती. पुढचे इस्माईलभाईनं एकट्यानं ठोकले. मागचे ठोकताना पाय तू धरला होता. वाकून, मांडीवर घेऊन, तिच्याशी काईबाई बोलत. तुही दाढी वाढली होती. तुह्या हाताचं शेवटचं काम म्हणजे ते दोन नाल, अन् ते काढले की तुह्या हाताचं या अंगणात काई राहणार नोतं. म्हणून मी ते राहू दिले. घोडीच्या पायात रुतू दिले. तीन वर्षं जे तुले बोलली, तेच मी केलं. तुहं कारण तरी चालतं-बोलतं होतं, दारात येत होतं, चहा पित होतं.

मी इस्माईलभाईले फोन केला. ते आज आले. म्हणले, दोर बांधू, दोघं-तिघं माणसं बोलावू, बुढी झाली तरी लाथ मारली तर बरगडी जाईन. मी म्हटलं, मी धरते. त्याईनं माह्याकडं पाह्यलं, सदुसष्ट वर्षांची बाई. पण मले आडवं बोलाची हिंमत त्याईची कधीच नोती.

तू तिच्याशी काय बोले ते मले येत नाई. मी नुसता पाठीवर हात ठेवला अन् हात न उचलता मागं गेली. पहिल्यांदा तिनं पाय झाडला. दुसऱ्यांदा बी. तिसऱ्यांदा तिनं मान वळवून पाह्यलं, कोण आहे ते. मंग पाय ढिला सोडला. मी तो मांडीवर घेतला. दादा, जड होती. लंगडी जनावरं दुसऱ्या पायावर भार देत नाई, आपल्यावर टाकतेत, हे मी दवाखान्यात शंभरदा अनुभवलं, तरी वाकली. इस्माईलभाई खिळे उपसू लागले. एक नाल निघाला, मंग तिनं दुसरा पाय बी दिला. मी सवयीनं तिचा घोटा चाचपला. गरम नोता. बोटानं दाबून पाह्यला, सूज असली की बोटाचा खड्डा तसाच राहते. खड्डा राह्यला नाई. सूज नोती.

अन् मले तुहे पाय आठवले.

त्या भांडणाच्या दिवशी तू ओट्यावर पाय सोडून बसला होता. चपला काढून ठेवल्या होत्या, अन् चपलेच्या पट्ट्याचा खड्डा पायावर तसाच होता. घोटे दिसतच नोते, इतके सुजले होते, हृदय थकलं की सुजतेत तसे. मी ते पाह्यलं होतं. पाह्यलं, अन् तुले म्हटलं, तिच्या पायाचे काय हाल केले ते पाहा जरा. बावीस वर्षं जनावराच्या पायाची सूज मी डॉक्टरच्या आधी सांगे. डॉक्टर म्हणत, कांताबाईंना विचारा. तुहे पाय माह्यापासून दोन हातावर होते अन् मी घोडीच्या पायावरून भांडत होती. मंग अकरा दिवस डबा भिंतीवर ठेवत राह्यली. एक दिवस जरी वाकून विचारलं असतं, दादा, पाय काऊन सुजले, तर तुले ओढत डॉक्टरकडं नेलं असतं. तू आला नसता, मले माहीत आहे. म्हणला असता, तू डॉक्टर आहे का. पण मंग भांडण ते झालं असतं, अन् त्या भांडणात मी हटली नसती.

"झालं ताई," इस्माईलभाई म्हणले. "दोन्ही निघाले. सोड आता पाय."

मी सोडला नाई. चांदणीचा पाय मांडीवर धरून मी तिथंच रेतीत बसली अन् रडली, सेहेचाळीस दिवसात पहिल्यांदा, मोठ्यानं, आजूबाजूच्या बायका बाहेर येईपर्यंत. अन् कोणाले मागचा पाय न देणारी ती घोडी, तीन पायावर थरथरत उभी राह्यली, पण तिनं पाय ओढून घेतला नाई.